पांढरे पडणाऱ्या सांध्यांची केस

माझी बुद्धी धारदार आहे, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही, त्यामुळे नाइलाज आहे. माणसाच्या चपलांकडे नुसती नजर टाकून तो कुठून आला हे मी ओळखतो. परवाच एका गृहस्थांना मी "आपण घरून आलात" असं सांगितलं आणि ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी हाती घेतलेली एकही केस अर्धवट राहिलेली नाही. प्रत्येक वेळी ती कोणी ना कोणी पूर्ण केली आहे. बायको माझी सहायक आहे. तिला निरीक्षणाची देणगी नाही, पण माझे कपडे तीच धुते, त्यामुळे तिला बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

ही केस शेजारच्या काकांनी आणली. आल्या आल्या त्यांनी दार लावून घेतलं.

"आमच्या नव्या बाथरूममध्ये कोणीतरी घातपात करतंय," ते कुजबुजले.

हकीकत अशी होती. काकांच्या जावयाने ऑफिसातली बरी नोकरी सोडून टाइल्स बसवायचं काम धरलं होतं, आणि पहिलंच काम सासुरवाडीचं मिळालं होतं. टाइल्स झकास बसल्या. घोडं अडलं ते सांध्यांत. दोन टाइलांमधल्या फटीत तो ग्राउट, म्हणजे राखाडी रंगाचं सिमेंट, भरायचा. सकाळी भरलेला सांधा संध्याकाळपर्यंत पांढराफटक पडायचा, आणि बोट फिरवलं की भुगा हातात यायचा. उकरून पुन्हा भरलं, दुसऱ्या वेळीही तेच.

"मग जावयालाच विचारा ना," मी म्हणालो.

काकांनी कानाला हात लावला. "जावयाला बोलायचं? तोंडावर? आमच्यात नाही ती पद्धत."

"बरं, मग?"

"उद्या ते शेवटचं भरणार आहेत. उद्याही बिघडलं तर सोमवारपासून पुन्हा ऑफिस, असं म्हणतात. पोरगी धड जेवत नाही रे. या कामासाठी सगळ्यांशी भांडली होती ती. जगाला सांगत सुटली होती, माझ्या नवऱ्याच्या हातात कसब आहे म्हणून. आणि माझ्याकडून काही कमी पडत असेल म्हणावं, तर हे घर मी पाणी मारून मारून उभं केलंय."

ते खरंच होतं. घर बांधताना काका सकाळी स्वतःच्या तोंडावर पाणी मारायच्या आधी भिंतीवर मारत. सिमेंट दिसलं की पाणी मारायचं, हे आमच्याकडे लहान मुलालाही शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तपास सुरू केला. प्रथम तो भुगा जिभेवर ठेवला. त्याला कसलीच चव नव्हती, म्हणजे विष असणार. पण बाथरूमला विष घालून कोणाचा फायदा होणार, हे कळेना. मग काकूंच्या पावडरच्या डब्यावर संशय आला. मी तो जप्त केला आणि काकूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. शेजारच्या मांजरालाही मी सोडलं नाही. त्याचे पाय पांढरे होते. मात्र ते जन्मापासूनच पांढरे आहेत, अशी साक्ष सहा माणसांनी दिली.

उरला जावई. त्याचं वागणं मला पहिल्यापासून खटकत होतं. ग्राउट कालवताना तो पाणी कपाने मोजून घालत होता. पाण्याला का कधी कोणी कंजूषपणा करतं? कालवून झाल्यावर काहीही न करता नुसता बघत बसला, आणि मग त्याने पुन्हा ढवळलं. थोड्या वेळाने घमेल्यातला माल घट्ट व्हायला लागला. कोणीही शहाण्या माणसाने त्यात तांब्याभर पाणी ओतलं असतं. याने तो बाजूला टाकला आणि नवा मूठभर कालवला. टाइलांवरचा डाग पुसताना तर त्याने स्पंज असा पिळला, असा पिळला, की त्यात थेंब राहिला नाही. पुरावा नष्ट करणारा माणूसच इतकं पिळतो, अशी मी मनात नोंद केली.

दुपारी तो जेवायला गेला. मी बाथरूमच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून दबा धरून बसलो. तो परत येईपर्यंत पापणी लवू दिली नाही. नंतर घरी आलो.

बायको दारातच म्हणाली, "सापडला का कोणी?"

"कोणीही आलं नाही. चिटपाखरूसुद्धा नाही. आणि तरी सांधे पांढरे पडायला लागलेत. ही केस साधी नाही."

"मग तुम्ही एवढे चिंब कसे?"

"ते काकांनी पाणी मारलं तेव्हा."

तिचा टॉवेल घेतलेला हात तसाच राहिला. "काका आले होते?"

"काका आले होते. पण कोणी आलं नाही."

ती तशीच शेजारी गेली. मागोमाग मी. बाथरूमच्या दारात सगळं घर उभं होतं. सांधे पांढरे झाले होते. जावई हत्यारं पुसून पिशवीत भरत होता आणि काकांची लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला ते बघवेना.

"काका," बायको म्हणाली, "दुपारी तुम्ही इथे काय केलंत?"

"काय करणार? पाणी मारलं. चांगल्या दोन बादल्या. सिमेंटला पाणी नको?"

"आणि आधीच्या दोन वेळी?"

"त्या वेळी एकेकच मारली. कमी पडलं असावं."

लेक गर्रकन वळली. "अहो बाबा! ग्राउट ओलं असताना वर बादली ओतली तर रंग वाहून जातो, सिमेंटही जातं! हे कपाने मोजून पाणी घालतात ते काय उगीच?"

काका जावयाकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

जावई पिशवीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या वेळी बादली ओली दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सासऱ्यांना कसं बोलायचं?"

"त्यापेक्षा नोकरी परवडली?"

"हो," जावई म्हणाला.

मला दोघांचीही दया आली. थोडी स्वतःचीही आली, कारण माझे कपडे अजून ओलेच होते.

"पिशवी ठेवा खाली," काका म्हणाले. "उद्या पुन्हा भरायचं. आणि आधी मला शिव्या द्या."

"नको हो बाबा," जावई म्हणाला.

"द्या म्हणतो ना!"

जावयाने मनापासून प्रयत्न केला. त्याचे कान लाल झाले. शेवटी म्हणाला, "तुम्ही पाणी जरा जास्तच मारता."

"ही शिवी झाली? असं बोललात तर तुमचं कोण ऐकणार?" काका निराश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांधे भरून झाल्यावर काकांनी बाथरूमच्या दारात बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. पहाऱ्याला मी बसतो म्हणालो.

"तू राहू दे," काका म्हणाले. "तू बसला होतास तेव्हाच मी आत आलो होतो."

संध्याकाळी सांधे राखाडी होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखे. काकू बघून गेल्या, बायको बघून गेली. मीही भिंग लावून बघितले आणि केस माझ्या बाजूने मिटल्याचं जाहीर केलं. काकांना मात्र राहवेना. ते हळूच उठले, बादली सुलटी केली आणि म्हणाले, "आता तरी अर्धाच तांब्या..."

"बाबा!" जावई ओरडला. "बादली खाली ठेवा आणि गुपचूप बसा!"

जावयाचा स्वतःच्या आवाजावर विश्वास बसत नव्हता. काका मुकाट्याने बसले, आणि लेकीकडे बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आता झाले हे मिस्त्री," ते म्हणाले.