कातऱ्याचा डावा कान

“हजार मेंढरांत आपलं मेंढरू डोळे झाकून काढीन!”

म्हस्कूची ही फुशारकी वडीगोद्रीत लहान पोरांनाही पाठ होती. मेंढरं विकून चार वर्षं झाली, आता तो कपाशी सांभाळायचा, पण फुशारकी काही त्यानं विकली नव्हती! त्याच्या कळपात प्रत्येक मेंढीच्या डाव्या कानाला कातरीची एक खूण असायची. त्यामुळे कुठलंही जनावर दिसलं, की म्हस्कू आधी त्याचा डावा कान बघायचा.

एके सकाळी त्याच्या सुनेच्या, वर्षाराणीच्या मोबाइलवर अलास्कातला एक धबधबा लागला. तिथे खांबावर कॅमेरा कायमचा बसवलेला होता. धबधब्याच्या कडेवर एक अस्वल जबडा उघडून उभं, आणि खालून उड्या मारणारे सालमन मासे थेट त्याच्या तोंडात!

“मामा, हे आत्ता चालू हाय बरं का. आपली सकाळ, तिथं सांज.”

म्हस्कूनं मोबाइल हिसकावलाच. “अगं, ह्याचा डावा कान कातरलाय! कोनाचं तरी पाळलेलं दिसतं!”

आणि त्यानं उभ्या उभ्या अस्वलाचं बारसं केलं. नाव ठेवलं कातऱ्या.

झालं! रोज सकाळी मोबाइल तांब्याला टेकवून म्हस्कू बोटांवर मासे मोजायचा. वर्षाराणीच्या आईचा फोन आला, तर “कातऱ्या जेवून राह्यलाय” म्हणून कापून टाकायचा. मग हायवेवरच्या रामरावच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांना हिशोब द्यायचा, “काल नऊ, आज चौदा! जागा सोडत न्हाई पठ्ठ्या!”

रामराव खवचट. एकदा मोबाइलमध्ये डोकावून म्हणाला, “तात्या, परवा हे भुरकं होतं. आज काळं कसं?”

“वल्लं झाल्यावर काळंच दिसनार. तू आंघोळ करून पाह्य एकदा!”

“आन् काल एवढं ढोलं, आज बारीक?”

“आज एकादशी हाय!”

पुढच्या आठवड्यात तर कातऱ्याच्या मागून दोन पिल्लं आली. सगळं हॉटेल म्हस्कूकडे बघू लागलं. म्हस्कू बिलकुल डगमगला नाही.

“दुसऱ्याची संभाळून राह्यलाय. दिलदार जनावर हाय!”

त्यातच रामरावनं हॉटेलात मोठा टीव्ही बसवला. म्हस्कूनं घरोघर निरोप धाडले, “कातऱ्या मोठ्या पडद्यावर येनार, जल्दी या!” माणसं जमली. चहा उकळला. अस्वल आलं, नेहमीच्या जागी उभं राहिलं. त्याचे दोन्ही कान धडधाकट!

“हे न्हाई ते!” म्हस्कू ओरडला. “पोरी, मोबाइल लाव!”

वर्षाराणीनं मोबाइल टीव्हीशेजारी धरला. तेच अस्वल, तोच मासा, पण इथे कान कातरलेला! माणसं एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. तेवढ्यात अस्वल पाण्यात उतरून निघून गेलं. मोबाइलवर नुसतं पाणी उरलं, आणि त्या पाण्यावर कातरलेली खूण मात्र जागच्या जागी!

“मामा,” वर्षाराणी हळूच म्हणाली, “काचेला तडा हाय हा. मागल्या साली बाजरी काढताना मोबाइल पडल्ता ना.”

“मंग महिनाभर आपुन कोनाला बघून राह्यलो?”

“त्या जागी जे येईल त्याला!” रामराव म्हणाला, आणि हॉटेल हसून हसून लोळलं.

एरवी म्हस्कूनं त्याला सोडलं नसतं. आज तो उठला, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची बायको आसराबाई ताट घेऊन आली.

“आवं, एका अस्वलापायी जेवन सोडता का?”

“अस्वलाचं न्हाई गं. बांडीचं वाईट वाटून राह्यलंय.”

आसराबाईचा हात थांबला. अकरा वर्षांत बांडीचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं. म्हस्कूची बहीण केशरबाई हिच्या नवऱ्याचा, जाफराबादच्या कचरूदाजींचा कळप आणि म्हस्कूचा कळप पाण्यावर एकत्र झाला होता. बांडी नावाच्या मेंढीचा डावा कान फाटलेला. दाजी म्हणाले, “माझी हाय, पाव्हणं. बाभळीचा काटा लागलाय तिला.” आणि म्हस्कूनं दहा माणसांत त्यांना चोर म्हणून बांडी ओढून नेली होती. त्यानंतर केशरबाईनं तीन वर्षं भाऊबिजेचे निरोप धाडले. मग तिनेही सोडून दिलं.

“मला कातर वळखू येते, म्हनल्तो मी,” म्हस्कू पुटपुटला. “काचेचा तडा वळखू आला न्हाई!”

“उद्या पहिल्या गाडीनं जा,” आसराबाई म्हणाली.

पुरावा म्हणून त्यानं सुनेचा मोबाइल खिशात घातला. जालन्यात गाडी बदलून जाफराबाद येईपर्यंत सगळं भाषण मनात तयार होतं. पण दारात केशरबाईनं त्याला पाहिलं, “आलास?” एवढंच म्हणाली आणि आत गेली. बाजेवर दाजी बसलेले, वाळून निम्मे झालेले. म्हस्कूनं भाषण सोडून थेट खिशात हात घातला.

“दाजी, हे पाहा...” त्यानं मोबाइल पुढे केला. तड्यावर बोट ठेवणार, तेवढ्यात नेमक्या त्या जागी अस्वल येऊन उभं राहिलं! दाजींनी मोबाइल डोळ्यांशी नेला.

“आरं, ह्याचा कान फाटलाय की! काटा लागला असंल बाभळीचा.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“हौ दाजी,” म्हस्कू म्हणाला. “काटाच हाय. बांडीलाबी काटाच लागल्ता. चुकलं माझं.”

 दाजी मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, “हे अस्वल बराबर ध्यानात ठिवा, पाव्हणं. पुन्हा आलं की कानावरून वळखू!”

म्हस्कूनं मान डोलावली. तड्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. आपलंच बरोबर म्हणायच्या हौसेपायी त्याच्या अकरा भाऊबिजा बुडाल्या होत्या.