उपरण्याचे दिनकरभाऊ

आमचे दिनकरभाऊ माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी गळा बघतात. गळ्यात काही असलं तर ते नीट करतात आणि काही नसलं तर त्यांना चैन पडत नाही. धायरीच्या आमच्या सोसायटीत आयटीतली पोरं भाड्यानं राहतात. त्यांच्या गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी लोंबत असते. त्यातल्या एकाला भाऊंनी लिफ्टमध्ये गाठलं, पट्टी ओढून दोन्ही बाजूंनी सारखी केली आणि विचारलं, "ह्यो कुठला पक्ष?"

पोरगा गडबडून म्हणाला, "काका, कंपनीचं आहे."

"आसूं दे. पन मानसं सांभाळत्यात का?"

"सध्या काढतायत."

भाऊंनी मान हलवली. "सगळीकडं त्येच हाय," म्हणाले आणि तळमजल्यावर उतरून गेले.

भाऊ मूळचे धायरी गावठाणातले. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. ते तळमजल्यावर राहतात आणि मी बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. मी सरकारी कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेली बाई. पुढाऱ्यांचं मला काडीचं कौतुक नाही, कारण त्यांच्या सह्यांच्या फायली मीच वर-खाली केल्यात. भाऊ मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून एकाच पक्षात. पक्षाचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तुमच्या वाचनात येईपर्यंत ते नाव नक्की कोणाकडे असेल याची खात्री कोण देणार?

पक्षात भाऊंचं काम एकच. बाहेरून आलेल्या माणसाच्या गळ्यात पक्षाचं उपरणं घालायचं. पक्षप्रवेश तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. व्यासपीठावर साहेब मोठ्या माणसाच्या गळ्यात उपरणं घालतात, फोटो निघतो, टाळ्या पडतात. पण त्या मोठ्या माणसामागे ट्रकभर माणसं आलेली असतात, त्यांच्या गळ्यात कोण घालतं? आमचे भाऊ घालतात.

आणि त्याचं त्यांचं शास्त्र आहे. कोऱ्या उपरण्याला खळ असते, ती मानेला काचते. म्हणून प्रवेशाच्या आदल्या दिवशी भाऊ सगळी उपरणी घरी आणतात आणि मंगलवहिनी ती धुऊन गच्चीवर वाळत घालतात. आमची गच्ची अशी रंगली की दुसऱ्या पक्षाचे कुलकर्णी लगेच चेअरमनकडे तक्रार नेतात. पुढचा नियम असा की दोन्ही टोकं छातीवर सारखी आली पाहिजेत. "एक टोक लांब ऱ्हायलं की मानूस परत जातो ताई. बघून ठेवलंय म्या." परत गेलेल्या माणसाबद्दल ते वाईट बोलत नाहीत. फक्त त्याच्या घरी जातात, चहा पितात आणि उपरणं मागून आणतात. म्हणतात, दुसऱ्याला उपयोगी पडेल.

उपरणं घालून झालं म्हणजे काम झालं असंही नाही. नव्या माणसाशेजारी ते आठवडाभर बसतात. कुणाला वाकून नमस्कार करायचा, कुणाला नुसता हात केला तरी चालतो, कुणासमोर कुणाचं नाव काढायचं नाही, हे त्याच्या कानात सांगतात. "नवा मानूस म्हंजी लगीन होऊन आलेली पोरगी. साखरंचा डबा कुठं हाय त्ये कुनीतरी दावाया पायजे का नको?"

मी एकदा विचारलं, "भाऊ, पण हे लोक येतात तरी कशाला?"

"घुसमट व्हती म्हनत्यात."

"ही घुसमट बरोबर निवडणुकीच्या तोंडावर कशी हो होते? मधली चार वर्षं श्वास बरा चालतो?"

भाऊ हसले. म्हणाले, सगळे तसे नसतात. कुणाच्या बांधकामाला नोटीस आलेली असते. कुणाचा चुलता पलीकडे गेलेला असतो, मग याला अलीकडे यावंच लागतं. कुणाच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलेलं असतं आणि तिकडे त्याचा फोन कुणी उचलत नाही. "आन काई जन नुसते रुसल्यालं असत्यात, ताई. पन आपन कारन इचारू ने. दारात आल्याला का आलास म्हनून इचारत्यात व्हय?"

मी इचारते, पण तो माझा स्वभाव.

तर महापालिकेची निवडणूक लांबत लांबत एकदाची लागली. या खेपेला आमच्या प्रभागातून तिकीट भाऊंना, हे ठरल्यासारखं होतं. शहराध्यक्ष स्वतः दुकानाच्या पायरीवर बसून बोलून गेले होते, "भाऊ, आता तुमच्याशिवाय आहे कोण?" भाऊंनी फोटो काढून घेतला. फोटोग्राफरनं हात जोडायला सांगितले तर त्यांचे हात आपोआप उपरणं घालायला निघाल्यासारखे पुढं यायचे. मंगलवहिनी, ज्यांनी आयुष्यभर कार्यकर्त्यांचा चहा उकळला, त्या पहिल्यांदाच जिन्यात थांबून माझ्याशी बोलल्या. "तुम्ही मत द्याल ना यांना?" मी म्हटलं, देईन. आणि खरंच देणार होते.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी भाऊंना फोन आला. स्वारगेटच्या कार्यालयात या, येताना उपरणी आणा, प्रवेश आहे. भाऊंना वाटलं, आपल्या अर्जाबरोबर चार माणसं जोडून घेत असतील. पिशवी घेऊन गेले. तिथं राजाभाऊ बसलेले.

हे राजाभाऊ आमचे आधीचे नगरसेवक, विरोधी पक्षाचे. मागच्या निवडणुकीत मतदान केंद्राबाहेर त्यांच्या माणसांनी दिनकरभाऊंना मारलं होतं. तेव्हापासून भाऊंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. पोलिसांत तक्रार झाली आणि पुढं ती कुठं गेली ते मला कचेरीतल्या अनुभवावरून सांगता येईल, पण जाऊ दे. त्या राजाभाऊंची आता घुसमट झाली होती.

शहराध्यक्ष म्हणाले, "भाऊ, तुमच्या हातानं घाला. चांगला संदेश जाईल."

भाऊंनी घातलं. नंतर मी विचारलं, घालवलं तरी कसं हो तुम्हाला?

"एक टोक लांबच ऱ्हात व्हतं. म्हनून दोनदा सारखं केलं."

राजाभाऊंनी त्यांना मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाले. नेमकं डाव्या कानात. ते "मागचं विसरून जा" असं होतं, हे भाऊंना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. आणि त्याच मिठीतल्या राजाभाऊंच्या हातात एबी फॉर्म होता, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी. दहा मिनिटांपूर्वी आलेल्या माणसाला तिकीट, आणि जन्मभर सतरंज्या उचलणाऱ्याला पुन्हा सतरंजी. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी दोन्ही वेळच्या भाजीत मीठ घालायला विसरले.

चार दिवसांनी भाऊंनी पक्ष सोडला. पलीकडच्या पक्षात जातो म्हणाले.

मग काय विचारता. कुणी म्हणालं पैसे घेतले, कुणी म्हणालं महामंडळ मिळणार आहे. मोटारी दुरुस्त करणाऱ्याला कुठलं महामंडळ मिळतं ते मला माहीत नाही. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गद्दार' म्हणून त्यांचा फोटो फिरला. तिकिटासाठी काढलेला, हात जोडलेलाच. निष्ठेवरचा सगळ्यात लांबलचक मजकूर राजाभाऊंच्या त्या भाच्यानं लिहिला होता, ज्याच्या गळ्यात भाऊंनीच चार दिवसांपूर्वी उपरणं घातलं होतं.

मी खाली गेले. भाऊ एक मोटार उघडून बसले होते.

"भाऊ, अर्ज भरायची मुदत संपली. आता तिकडे जाऊन मिळणार काय?"

"काय न्हाई."

"मग?"

त्यांनी तांब्याची तार गुंडाळणं थांबवलं नाही. "ताई, म्या पक्षात आलोच न्हाई कधी. वडील व्हते, म्हनून म्या व्हतो. माझा प्रवेश झालाच न्हाई. समद्यांना म्या या म्हनलं, मला या असं कुनी म्हनलं न्हाई. एकदा बघू द्या की कसं वाटतं त्ये."

मी खाली पडलेला स्क्रू उचलून त्यांच्यापुढं ठेवला.

नव्या पक्षाचा कार्यक्रम हडपसरला एका मंगल कार्यालयात होता. मंगलवहिनींनी मला बरोबर घेतलं. भाऊ पांढरा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून आले होते. वरचं बटण उघडं ठेवलं होतं, उपरणं नीट बसावं म्हणून. वहिनींनी मोबाइलमधले जुने फोटो पुसून जागा करून ठेवली होती.

कार्यालयात शहरभरातून माणसं आणलेली. व्यासपीठावर मोठे लोक एकेक करून चढले, साहेबांनी त्यांच्या गळ्यात उपरणी घातली. निवेदक नावं वाचत होता. धायरीची पाळी आली तशा वहिनी मोबाइल धरून उभ्या राहिल्या. निवेदकानं कुणा एका बिल्डरचं नाव घेतलं आणि पुढं म्हणाला, "आणि त्यांचे असंख्य सहकारी." भाऊ त्या असंख्यांत होते. त्या बिल्डरला त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मग एक कार्यकर्ता उपरण्यांचा गठ्ठा घेऊन खुर्च्यांमधून आला. "आपापली घाला, चला, लवकर. साहेबांना पुढं जायचंय." गठ्ठा त्यानं भाऊंच्या मांडीवर टाकला आणि गेला.

शेजारी हडपसरचेच सलीमभाई म्हणून हार्डवेअरचे दुकानदार बसले होते, त्यांनी वरचं एक उचललं आणि त्याला घाम पुसला. ते भाऊंना बघवेना. "आसं न्हाई," म्हणाले. उठले आणि त्यांच्या गळ्यात घातलं, टोकं सारखी केली. मग पलीकडच्याच्या. मग मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाई मान पुढं करून बसल्या होत्या, त्यांच्या. कोऱ्या उपरण्याची खळ काचत होती, तर प्रत्येकाचं आधी हातात चोळून मऊ करत होते. आमची सगळी बाजू त्यांनी संपवली. वहिनी मोबाइल धरून होत्या, पण फोटोत दर वेळी भाऊंची पाठ येत होती.

भाऊ परत येऊन बसले तेव्हा गठ्ठा संपला होता. त्यांच्या गळ्यात काही नव्हतं.

मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली. "ओ, पाणी कुठंय?"

भाऊंना पाणी कुठं आहे ते माहीत नव्हतं. ते शोधायला उठले. मी म्हटलं, भाऊ बसा, तुम्ही पाहुणे आहात इथले. ते म्हणाले, "आवो, पन त्यांना वाटलं ना म्या हितलाच हाय म्हनून," आणि गेले. त्यात त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं, ते मला जास्त लागलं.

परतताना रिक्षात वहिनी एवढंच म्हणाल्या, "एक तरी आपल्यासाठी ठेवून घ्यायचं होतं."

निवडणूक झाली. राजाभाऊ निवडून आले. मी मत देऊन आले, कुणाला ते सांगत नाही, पण देताना वाईट शिवी आठवत होती. नव्या पक्षातून भाऊंना एकही फोन आला नाही. जुन्यातली माणसं दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायची. मोटारी मात्र दोन्ही पक्षांच्या बिघडत होत्या, तेवढं बरं.

एके दिवशी सकाळी मी वहिनींचा डबा परत द्यायला खाली गेले होते, तेव्हा भाऊंचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते फोन स्पीकरवरच ठेवतात. जुन्या पक्षाचे शहराध्यक्ष होते.

"भाऊ, झालं ते झालं. रागावलात, आम्ही समजून घेतलं. उद्या या. दोन अपक्ष येतायत, बरोबर शे-दीडशे माणसं आहेत. उपरणी घालायला माणूस नाही हो आमच्याकडे. मागच्या वेळी पोरांनी घातली, एकाचं उलटं आलं, पेपरात तोच फोटो."

वहिनी भाकरी थापायच्या थांबल्या. भाऊंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आन मला कोन घालनार?"

पलीकडून मनमोकळं हसू आलं. "अहो भाऊ, तुम्हाला कशाला? तुम्ही घरचेच."

मी मनात म्हणत होते, आता बोला, आयुष्यात एकदा तरी वाकडं बोला. हवं तर मी बोलते, इकडे द्या तो फोन.

"किती वाजता यायचं?" भाऊंनी विचारलं.

वहिनींनी तवा उतरवला आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. मी भाऊंकडे बघत उभी राहिले, माझ्या तोंडावर राग स्पष्ट दिसत असणार. त्यांनी फोन ठेवला आणि माझी नजर चुकवून खालच्या आवाजात म्हणाले, "आवो ताई, कुनीतरी पायजे ना तिथं. नवा मानूस लई बावरतो. आता म्हाईत झालंय मला."