दामूमामा रुसला

लग्न ठरल्याचं कळलं की माणसं विचारतात, मुलगा काय करतो, तारीख कोणती, हॉल कुठला. आमचा दामूमामा विचारतो, "रुसणार कोण?"

माझं लग्न ठरलं तेव्हाही त्याने हेच विचारलं. अख्खा पेढा तोंडात कोंबून म्हणाला, "पोरगा चांगला असंल, ते बघू नंतर. त्यांच्याकडं रुसणारं माणूस कोण हाय, ते आधी सांग." मी म्हटलं, "मामा, त्यांच्याकडे कुणी रुसत नाही." त्याने पेढा गिळला आणि आईकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "लीले, घाई करू नको. ते घर मला बरं वाटत न्हाय."

दामूमामा आमच्या रेवदंड्याचा, आमच्या कुंपणापलीकडचा. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली, लग्न केलं नाही. आता साठी उलटल्यावर त्याला दोनच कामं आहेत. सकाळी आमच्याकडे चहा पिणं, आणि लोकांच्या लग्नातले रुसवे काढणं. सख्खा मामा नव्हे तो. आई माणगावकडची, आईबापांना एकुलती एक. लग्न होऊन इथे आली त्या वर्षी नारळीपौर्णिमेला घरोघरी राख्या चाललेल्या, आणि ही मागल्या दारी डोळे पुसत उभी. कुंपणावरून एक काळाकुट्ट, तेलकट हात आत आला. "बांध. पण लवकर बांध, इंजिन उघडं टाकून आलोय." आईने साडीच्या काठाची चिंधी फाडून बांधली म्हणे. तेव्हापासून तो तिचा दादा आणि जन्मल्यापासून माझा मामा.

भटजींनी "मुलीला आणा" म्हटलं की हाताला धरून मांडवात आणायचं काम मामाचं. मला दुसरा मामा नाही, आणि दहा असते तरी मला हाच हवा होता. मी पाच वर्षांची असल्यापासून आमचं ठरलंय ते.

त्याची रुसवे काढायची पद्धत जगावेगळी. बाकीचे लोक रुसलेल्याला समजावतात. हा रुसलेल्याच्याही पुढे जाऊन रुसतो. एका हळदीला मुलीच्या आत्याचे यजमान पानावरून उठले, का, तर सुरमईचा शेपटीचा तुकडा वाढला. चपला घालून निघाले. मंडळी मागे धावली, "अहो, असं काय, बसा की." दामूमामाने सगळ्यांना बाजूला सारलं. "शेपटीचा? तुम्हाला? मग चपला कसल्या घालताय? अनवाणी जावा! गावाला कळू द्या काय अपमान झाला तो! आणि ह्यो मांडव तरी उभा का म्हणून? तुम्ही तो खांब धरा, मी ह्यो धरतो." आणि खरंच बांबूला मिठी मारून हलवायला लागला. वरून पताका पडल्या, दिव्याची माळ लोंबायला लागली. आत्याचे यजमान घाबरले. "अहो दामूशेठ, काय करताय! पोरीची हळद आहे!" म्हणत त्यांनी धावत जाऊन दुसरा खांब घट्ट धरला. मामा थांबेपर्यंत धरून ठेवला, आणि नंतर दुसऱ्यांदा पोटभर जेवले.

"मान हाय तो," मामा म्हणतो. "मान मागून मिळत न्हाय, म्हणून मानूस रुसतो. रुसलेल्याला येडा म्हणायचं न्हाय."

माझ्या लग्नात त्याला आधीपासूनच रुसवे टाळायचे होते. पहिली भानगड पत्रिकेची. निमंत्रकांची नावं वर कुणाची, खाली कुणाची, यावरून बाबांच्या घरात धुसफूस सुरू होती. मामाने तोडगा काढला. "गोल छापा. गोलाला वर-खाली न्हाय." अलिबागच्या छापखानावाल्याने हात जोडले. "काका, वाचायला पत्रिका गरागरा फिरवावी लागेल." "फिरवू देत की! तेवढाच येळ हातात ऱ्हाते. न्हायतर लोक तारीख बघतात आणि टीव्हीवर ठेवतात." शेवटी पत्रिका गोलच छापली, हो! निम्म्या लोकांना ती बांगड्यांच्या दुकानाची जाहिरात वाटली. पण कुणीही रुसलं नाही. रुसणार कसे? आपलं नाव कुठून सुरू होतं हेच कुणाला सापडलं नाही.

दुसरी भानगड खुद्द नवरामुलगा. निखिल माणगावचा, औषधाच्या कारखान्यात नोकरीला, स्वभावाने अगदी सरळ. बोलणं मोजकं. मामाने त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, "तू रुसतोस काय?"

"नाही."

"अजिबात न्हाय?"

"नाही, मामा."

मामाने मला बाजूला घेतलं. "मने, डेंजर हाय. जो रुसत न्हाय तो मनात ठेवतो." आणि पुढच्या रविवारी त्याने निखिलला आमच्या ओटीवर बसवून चक्क रुसायची तालीम सुरू केली. कारण जावयाने पंगतीला बसताना एकदा तरी रुसायचं असतं, त्याशिवाय सासरच्यांना त्याचे लाड कसे करता येणार?

"तोंड पाड."

निखिलने पाडलं.

"अजून पाड. तुझं तोंड तर पगार झाल्यासारखं दिसतंय. हां. आता मी म्हणतो, जावईबापू, जेवायला बसा. तू काय करणार?"

"बसणार."

"बसणार न्हाय! पाठ फिरवणार! मग मी म्हणणार, काय पायजे ते मागा. बोल, काय मागणार?"

निखिलने बराच विचार केला. "पाणी?"

मामा कपाळाला हात लावून बसला. "घोडा मागायचा दिवस, आणि ह्यो पाणी मागतोय! सकाळपासून तीन तांबे प्यायला हाय की रं!" मी हसून हसून खांबाला टेकले. आई आतून ओरडली, "दादा, पोराला त्रास देऊ नको, एकुलता एक जावई आहे माझा."

आमंत्रणंही त्यानेच केली. आईच्या वतीने हळदीकुंकवाचा करंडा आणि अक्षता पिशवीत घालून दारोदार फिरला. मोबाइलवर पत्रिका पाठवू म्हटलं तर अंगावर आला. "मोबाइलवरचं बोलावणं म्हंजे वादळाचा इशारा. वाचायचा आणि घरात बसायचं!" प्रत्येक घराची पायरी चढायची, पाट मांडेपर्यंत उभं राहायचं, अक्षता द्यायच्या, पाणी प्यायचं. पंधरा दिवसांत त्याने सगळी आळी, बंदर आणि चौलचे नातेवाईक पालथे घातले, आणि इतकं पाणी प्यायला की जाईल त्या घरी आधी मोरी विचारायचा.

लग्नाला दहा दिवस राहिले. सकाळी चहाला आला तेव्हा आई यादीवर शेवटची नजर फिरवत होती. मामाने चष्मा लावून यादी तिच्या हातून घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालपासून वरपर्यंत वाचली.

"कुणी राहिलं का रे दादा?" आईने विचारलं.

"तूच बघ," तो म्हणाला.

आईने बघितलं. "नाही. झाले सगळे."

"माझं नाव न्हाय त्यात."

आई खळखळून हसली. "तुला कसलं आमंत्रण, मेल्या? तू घरचाच!"

मामाने चहा संपवला, कप पालथा घातला आणि निघून गेला. आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला नाही. कुंपणावर पिशवी टांगलेली, आत करंडा आणि उरलेल्या पत्रिका. आमच्या बाजूची खिडकी बंद. मी हाका मारल्या तर आतून उत्तर आलं, पण ते मला नव्हतं, त्याच्या अंगणातल्या माडाला होतं. "माडा, लेका, त्यांना सांग, मामा गावाला गेलाय. लग्न झाल्यावर येईल." 

बाबा म्हणाले, "जाईल राग," आणि पेपरात शिरले. पण तीन दिवस झाले, चार झाले, राग जाईना.  अख्ख्या तालुक्याचे रुसवे काढणारा माणूस रुसला, आता त्याचा रुसवा कोण काढणार? मला डोळ्यांसमोर एकच दिसायचं. भटजी म्हणतायत "मुलीला आणा", आणि मी शालू सावरत एकटीच चालत येतेय. रडूच फुटलं मला.

शेवटी मी निखिलला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं मामाच्या पायरीवर जाऊन बसलो. मी त्याचीच पद्धत त्याच्यावर चालवली. "मामा, तुझं अगदी बरोबर आहे. असल्या लग्नाला येऊच नये माणसाने! आईला अक्कल नाही. मी तुझ्या जागी असते तर मांडवच पाडला असता!"

दाराआडून आवाज आला, "व्हय. बरोबर बोललीस."

झालं! संपली माझी विद्या. आता मांडव पाडायला कुठून सुरुवात करायची हे विचारायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात निखिलने सरळ विचारलं, "मामा, तुम्हाला काय पाहिजे?"

 कडी निघाली. मामा दारात उभा होता, दाढी वाढलेली, चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघितलंच नाही, निखिलशीच बोलला.

"लग्नाची पयली अक्षत कुठं जाते, ठाऊक हाय? देवाला. आणि दुसरी? नवरीच्या आईच्या म्हायेरी. भैनीनं नटूनथटून यायचं, भावाला बोलावणं द्यायचं. सगळ्या आळीला मी तिची अक्षत दिली. तिच्या म्हायेरी कोण गेलं? मला म्हणते, घरचाच! घरचा म्हंजे काय, ज्याच्याकडं कुणी जायाचं न्हाय तो? इतकी वर्सं राखी घेतली, पण कुंपणावरूनच. ह्या दारानं भैन म्हणून ती एकदाबी आत आलेली न्हाय."

बोलून त्याने दार पुन्हा लावून घेतलं.

मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. ती मटार सोलत होती. आधी म्हणाली, "अगं, रोज कुंपणावरून कालवण देते मी त्याला!" मग हात थांबले. तिचे आईवडील जाऊन किती वर्षं झाली, माणगावचं घरही विकलं गेलं. माहेर हा शब्द तिने टाकूनच दिला होता. "खरंच की गं," ती म्हणाली, "मला माहेरी जायचंच राहिलं." आणि मटाराच्या सालींवर टपटप रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतली हिरवी पैठणी काढली. नथ घातली. गजरा माळला. करंडा, नारळ, अक्षता, पत्रिका असं सगळं ताटात घेतलं आणि बाबांना म्हणाली, "रिक्षा बोलवा."

"कशाला?" बाबा पेपरातून बाहेर आले.

"माहेरी चाललेय. माहेरी बाई चालत जात नाही."

रिक्षावाला ओळखीचाच. "काकी, कुठं, अलिबागला?"

"शेजारी."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मामाच्या फाटकाकडे. "काकी, पाच पावलं हायत."

"असू देत. चल."

आता आमच्या बोळात रिक्षा वळत नाही. उतरायची बाजू डावी, त्यामुळे मामाचं फाटक उजव्या हाताला सोडून ती पुढे गेली, पार बाजारपेठेपर्यंत, तिथून वळून येणार. मी आणि निखिल कुंपणाशी उभे होतो. मामा दात घासत अंगणात आलेला. पैठणीतली आई त्याच्या दारावरून भुर्रकन पुढे गेलेली त्याने बघितली. ब्रश तोंडातच राहिला. चेहरा असा पडला की निखिलला सात जन्म तालीम दिली तरी जमला नसता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण निखिलने माझा हात धरला.

मग बोळाच्या टोकाशी पुन्हा रिक्षा दिसली, फटफटत आली, आणि मामाच्या फाटकासमोर थांबली.

मामा आत पळाला. भांडी पडल्याचा आवाज झाला. बाहेर आला तो एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पाव. माहेरवाशिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि ह्याच्या घरात भाकरी कुठली? तोंडाला अजून टूथपेस्टचा फेस. "थांब! उतरू नको! आधी दृष्ट काढतो!" म्हणत त्याने पाव तिच्यावरून ओवाळला, एकदा उलटा, एकदा सुलटा, मग दूर फेकला. तांब्यातलं पाणी निम्मं तिच्या पायांवर पडलं आणि निम्मं रिक्षावाल्याच्या. रिक्षावाल्याने पाय जवळ घेतले फक्त.

आई ताट सांभाळत उतरली. मामा फाटक धरून उभा, रुसवा मात्र सोडायला तयार नाही.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"रस्ता लांब होता रे, दादा," आई म्हणाली, आणि पायऱ्या चढून आत गेली.

त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक मीच केला. आई संध्याकाळपर्यंत माहेरी होती.