दिव्यातले सासरे

सायकलला सोनेरी रेघा मारून घ्यायच्या, एवढंच सुश्रुतराव गुप्त्यांनी ठरवलं होतं. रेघा नसत्या तरी सायकल धावली असती आणि पुढचं रामायण टळलं असतं. पण जुन्या सायकलींचा नाद असाच असतो. नुसती घंटी घासायला बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत अख्खी सायकल सुटी करून अंगणात मांडतो आणि वर बायकोलाच म्हणतो, "पाय जपून टाक गं, छर्रे सांडलेत."

सुश्रुतराव पेणच्या एका शाळेत गणित शिकवतात. वय पन्नाशीच्या अलीकडे, गुडघे बरेच पलीकडे. हा नाद त्यांना शेजारच्या जेकबने लावला. जेकबचे सगळे नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले; आपल्या विलायती सायकलींना पासपोर्ट मिळेना म्हणून आपण मागे राहिलो, असं तो सांगतो. जेकबला सायकली जमवायच्या होत्या. सुश्रुतरावांचं दुखणं निराळं होतं. त्यांनी दुरुस्तीला घेतलेली सायकल त्यांच्या सासऱ्यांची होती.

सासरे मोरोपंत. घर रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत, आणि मास्तरकी नागोठण्याला. "रोज रोहा ते नागोठणं, जाऊन-येऊन, सायकलवर!" हे वाक्य त्यांनी मुलगी दाखवायच्या दिवशीच ऐकवलं आणि विचारलं, "तुम्ही काय चालवता?" सुश्रुतराव रिक्षाने आले होते, तीही भाड्याच्या. पुढे दर दिवाळीला, करंजीचा पहिला घास तोंडात असताना, तोच प्रश्न यायचा. उत्तर न घेताच मोरोपंत वारले. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, ही गोष्ट सुश्रुतरावांना फार लागली. सासऱ्यांच्याच सायकलवर बसून कुंडलिकेचा पूल ओलांडायचा आणि सासरच्या दारात घंटी वाजवून उतरायचं, असा त्यांनी पण केला. तेवढ्यात रोह्याला जुन्या सायकलवाल्यांचा मेळावा ठरला, तोही पुलावरून अष्टमीपर्यंत जाणारा. मुहूर्त आयता मिळाला.

महिनोन् महिने खपून सायकल उभी राहिली. दिव्याची काच मात्र कुठे मिळेना, तेव्हा पांढरी दुधी काच गोल कापून बसवली. राहिल्या त्या रेघा. तशा बारीक, न थरथरणाऱ्या रेघा मारणारे हात आता फक्त गणपतीच्या कारखान्यांत उरलेत, म्हणून सुश्रुतरावांनी सायकल पेणजवळच्या जोह्याला हौसाकडे नेली. हौसा म्हणजे तिथली डोळ्यांची आखणी करणारी बाई. चतुर्थी तोंडावर आलेली. कारखान्यात एका बाजूला अजून डोळे नसलेले गणपती ओळीने बसलेले, दुसऱ्या बाजूला डोळे काढून झालेले. आत शिरताना काही वाटलं नाही. वळून बाहेर पडताना मात्र पाठीमागून शेकडो नजरा आल्यासारख्या वाटल्या, आणि सुश्रुतरावांनी उगीचच शर्ट नीट केला.

दोन दिवसांनी सायकल आणायला गेले तर रेघा अप्रतिम होत्या. पण दिव्यावर लाल रुमाल बांधलेला.

"हे कशाला, हौसाताई?"

"घरी नेऊन उघडा, मास्तर. वाटेत नाय."

"आत आहे काय?"

"हात चालू होता. थांबला नाय," ती म्हणाली आणि पुढच्या मूर्तीकडे वळली.

तोंडावर रुमाल बांधून काय घरी नेतात, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुश्रुतराव सायकलवर बसून निघाले. भाताच्या शेतांत वारा पडलेला, पान हलत नव्हतं. बांधावरच्या म्हातारीने डोक्यावरचा भारा खाली ठेवून हात जोडले. समोरून येणारे दोन मोटारसायकलवाले गाडी बंद करून बाजूला उभे राहिले. इथवर ठीक होतं. पण मागच्या एसटीने हॉर्न न वाजवता सायकलला जाऊ दिलं, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. हे काही नैसर्गिक नव्हतं.

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. मैथिली, म्हणजे त्यांची बायको (तीही शिक्षिका, पण दुसऱ्या, दुपारच्या शाळेत; ह्यांची शाळा सकाळची), देवापाशी दिवा लावून ओटीवर आली. तिने रुमाल सोडला आणि दोन पावलं मागे सरकली.

"बाबा!"

सुश्रुतरावांनी वाकून पाहिलं. दुधी काचेवर दोन डोळे काढले होते. उजवा सताड उघडा, डावी पापणी किंचित उतरलेली. पेपर तपासताना भोपळा सापडला की मोरोपंत असेच बघत. सुश्रुतराव डावीकडे सरकले, डोळे डावीकडे आले. उजवीकडे सरकले, तर तिथेही आले.

त्यांनी हौसाला फोन लावला. "अहो, डोळे कशाला काढलेत?"

"गोल कोरा दिसला. आमच्या कारखान्यातून आंधळं कोन भायेर जात नाय, मास्तर."

"पण हे माझे सासरे आहेत!"

"मी त्यांना कधी बगितलं नाय. आले ते आले."

"मग येऊन पुसून द्या."

"एकदा उघडलेले डोळे पुसायचे नाय," हौसा म्हणाली. पुसले तर काय होतं, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुश्रुतरावांना निदान त्या रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून घरात चार माणसं असल्यासारखं वाटू लागलं (राहत होती दोनच, चौथं कोण, हा विचार त्यांनी मुद्दाम केला नाही). साखर वाढल्यामुळे बंद झालेला लाडू डब्यातून काढावा, तर सायकलचं पुढचं चाक स्वयंपाकघराकडे वळलेलं. फरशीला उतार असणार, म्हणून त्यांनी गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. त्यांनी लाडू परत ठेवला. रात्री दिव्यावर बांधलेला रुमाल सकाळी सीटवर घडी घालून ठेवलेला असायचा. घामाघूम होऊन त्यांनी मैथिलीला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मीच सोडते. बाबांना गुदमरत असेल." हे ऐकून भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

"रविवारी मी ह्याच सायकलवर बसून पूल ओलांडणार आहे," त्यांनी धीर करून सांगितलं.

"बाबांच्या मानगुटीवर बसणार?"

"मानगुटीवर नाही गं, सीटवर. डोळे पुढे आहेत."

"म्हणजे मानगुटीवरच ना?"

भूमितीच्या दृष्टीने हे बिनचूक होतं.

जेकबला सल्ला विचारला. "आमच्यात मूर्तीच नाय, तेव्हा यातला मला अनुभव नाय," तो म्हणाला. "पण खरं सांगू? आत आलो तेव्हा मी चपला काढल्या. का काढल्या, म्हायत नाय." मग तो कुजबुजला, "वहिनी शाळेत गेल्या की टर्पेंटाइनचा बोळा फिरव आणि मोकळा हो."

भर दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, सुश्रुतराव बोळा घेऊन दिव्यापुढे बसले. हात पुढे केला मात्र, टिण्ण! घंटी आपोआप वाजली. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, हादऱ्याने वाजली असेल, म्हणून ते खिडकीशी धावले. रस्त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. बोळा त्यांनी परसात नेऊन पुरला.

पण त्यांचा हात खरा अडला तो त्या संध्याकाळी. मैथिली दिव्यापुढे पाटावर बसून हळू आवाजात बोलत होती. "बाबा, या वर्षी पण मला सुपरवायझर नाही केलं. माझ्यामागून आलेलीला केलं. घरी कुणाला बोलले नाहीये." दाराआड उभ्या सुश्रुतरावांना वाईट वाटलं. नोकरीचं तर वाटलंच, पण जे आपल्याला सांगायचं ते ती एका काचेला सांगते, याचं जास्त वाटलं. अशा काचेवर बोळा फिरवायला कसाईच हवा.

शेवटी तोड मैथिलीनेच काढली. "आईला दाखवू. आई म्हणाली हे बाबांचे डोळे नव्हेत, तर खुशाल पुसा आणि बसा. हो म्हणाली, तर ह्या सायकलवर पुन्हा कुणी बसायचं नाही."

रविवारी काळुरामच्या टेम्पोतून सायकल रोह्याला निघाली. काळुराम एरवी गणपती पोचवायचा. खाली पेंढा, वर रुमाल, आणि वेग असा की बैलगाडीने मागे टाकावं. मेळावा सुटायच्या वेळी सुश्रुतराव कसेबसे पोचले. आभाळ भरून आलेलं, पाणी शिशासारखं स्तब्ध. सगळे घंट्या वाजवत पुलावर चढले, जेकब तर हात सोडून चालवत होता. सर्वांत मागून एक गणिताचा मास्तर तोंड बांधलेली सायकल हातात धरून चालत होता. पुलाच्या मध्यावर पुढचे दिसेनासे झाले. मागे टकटक पावलं ऐकू येत होती. ती मैथिलीची होती, पण दर वेळी वळून खात्री करून घ्यावी लागत होती.

अष्टमीच्या गल्लीत वळले तेव्हा अंधारून आलं होतं. सासूबाई, आनंदीबाई, ओटीवर बसल्या होत्या. सायकल दिसताच त्या ताडकन उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आलात?"

तो शब्द जावयाला उद्देशून नव्हता. सुश्रुतरावांच्या पाठीतून बर्फाचा खडा घसरत गेला. रुमाल अजून सुटलेलाही नव्हता.

मैथिलीने तो सोडला. "आई, नीट बघ. हे बाबांचेच डोळे ना?"

आनंदीबाई बराच वेळ बघत राहिल्या. नाही म्हणा, नाही म्हणा, असं सुश्रुतराव मनात घोकत होते. परीक्षेच्या निकालालाही त्यांनी एवढं देवाला आळवलं नव्हतं.

"व्हय गो," आनंदीबाई म्हणाल्या. "हेच."

मैथिली रडली. सुश्रुतरावांना पण रडायचं होतं, पण कारण सांगण्यासारखं नव्हतं. पाणी प्यायच्या निमित्ताने ते आत गेले. आनंदीबाई मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"जावईबापू, ते डोळे ह्यांचे नाहीत."

"मग हो का म्हणालात?"

"सगळा जन्म संसार केला, पण ह्यांनी माझ्याकडे असं टक लावून कधी बघितलं नाय. सदा पेपरात तोंड. सायकल राहू दे माझ्या ओटीवर. संध्याकाळी कुणी बघतंय म्हटलं की बरं वाटेल."

"पण मघाशी, 'आलात' म्हणालात ते?"

"ते चालण्यावरून. हे अस्सेच यायचे, सायकल हातात धरून, धापा टाकत."

"पण ते तर नागोठण्याहून सायकलवर..."

"कसली सायकलवर? तोल कुठे सावरायचा ह्यांना! सकाळी हातात धरून न्यायचे, पुलापलीकडे पिठाच्या गिरणीत ठेवायचे आणि एसटीने जायचे. परत येताना गिरणीतून काढायची, पीठ झटकायचं. मैथिली ओटीवर वाट बघत असायची. तिला सांगायचे, गल्लीत पोरं खेळतात म्हणून उतरून चालतो." मग त्या हात जोडून म्हणाल्या, "तिला कळू देऊ नका हं."

सुश्रुतराव बाहेर आले. एका वाक्यात सगळा हिशेब मिटला असता. सासरे जन्मात सायकलवर बसले नव्हते, त्यांच्या मानगुटीचा प्रश्नच नव्हता, आणि दिवाळीच्या त्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

अंगणात मैथिली, सायकल बघायला थांबलेल्या मेळाव्यातल्या लोकांना सांगत होती, "ऊन असो, पाऊस असो, बाबा कधी सायकलवरून उतरले म्हणून नाहीत." (हे शब्दशः खरं होतं. चढल्याशिवाय उतरणार कुठून?) किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला होता.

"मग गुप्ते सर का चालवत नाहीत?" कुणीतरी विचारलं.

"ह्यांना नाही झेपत," मैथिली म्हणाली.

सुश्रुतरावांनी ते तयार वाक्य पाण्याच्या घोटासारखं गिळलं. "नाही झेपत," ते म्हणाले.

सायकल ओटीवर राहिली. जेकब टेम्पोतून गेला आणि नवरा-बायको शेवटच्या एसटीने पेणला परतली.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मेळाव्याची चौकशी केली. खरं काय ते सांगावं, असं सुश्रुतरावांनी ठरवलं होतं. पण चहाचा कप हातात आला, सगळे आपल्याकडे बघताहेत असं दिसलं, आणि आतून कुणी बोलावं तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मेळाव्याचं काय घेऊन बसलात? येतानासुद्धा रोहा ते पेण, थेट सायकलवर!"

खोलीतल्या सगळ्या माना कौतुकाने हलल्या. रोह्याहून जाऊन-येऊन करणाऱ्या दिपिकाबाई तेवढ्या वह्यांतून डोकं वर काढून म्हणाल्या, "हो का, सर? काल मी पेणला मावशीकडे मुक्कामाला येत होते, तुमच्या मागच्याच सीटवर. नागोठण्याला मोठा खड्डा आला तरी तुमचं घोरणं थांबेना. मी हलवणार होते, पण मॅडम म्हणाल्या, झोपू दे, पूलभर सायकल ढकलून दमलेत."