केळुसकर काकांची जागेवरची मनोरी

नाहूरच्या आमच्या सोसायटीतले केळुसकर काका दर रविवारी सकाळी साडेनऊला गाडीने मनोरीच्या किनाऱ्याला निघायचे आणि साडेदहाला परत यायचे. या तासाभरात गाडी जागची तसूभरही हलायची नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. शेजारच्या सीटवर बसून मी स्वतः शेकडो वेळा जाऊन आलोय. काका इस्त्रीचा शर्ट घालायचे, कातडी हातमोजे चढवायचे, दहा मिनिटं इंजिन चालवायचे आणि मग ते बंद करून प्रवासाला निघायचे. गियर टाकायचे, क्लच दाबायचे, गोरेगावला उजवीकडे वळताना खिडकीतून हात बाहेर काढायचे. तो हात गॅरेजच्या भिंतीवर आपटायचा. मार्वेला फेरीबोटीची वाट बघत पाच मिनिटं गप्प बसायचं, हा नियम होता. परत आल्यावर घाम पुसत म्हणायचे, "आज गोरेगावाक ट्रॅफिकान वाट लावल्यान."

गाडी मात्र खरी होती. आणि कशी! दोन सीटांची, लाल, बुटकी, विलायती स्पोर्ट्‌स कार. भारतात तसल्या मोजून दोन-तीन उरल्या असतील, असं जाणकार म्हणायचे. काका गिरणीत फिटर होते. मालकाच्या या गाडीची देखभाल तेच करायचे. गिरणी बंद झाली, मालकाचा मुलगा परदेशी निघाला आणि जाताना गाडी काकांच्या नावावर करून गेला. तिची कंपनी कोणती, हे काका कुणाला सांगत नसत. "कंपनी बंद पडली. मेलेल्याचां नाव सकाळी घेव नये," म्हणायचे. गाडीला ते पोरीला हाक मारावी तसं 'बाय' म्हणायचे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो भांडायला. बँकेतून मिळणाऱ्या एकुलत्या एका सुट्टीला माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यांच्या गाडीचा धूर आत यायचा. मी पायात चप्पल सरकवली आणि तावातावाने खाली उतरलो. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेजारचं दार उघडलं. "उभ्यान काय भांडतंस? बस." बसलो आणि दार ओढून घेतलं. "मेल्या, सावकाश! ता काय तुझ्या फ्रिजाचां दार न्हय!" त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मनोरीला गेलो. त्याला अठरा वर्षं झाली. खऱ्या मनोरीला मी अजून गेलेलो नाही.

आता गाडी हलत का नव्हती, हे सांगायला हवं. त्यात गाडीचा काही दोष नव्हता, दोष आमच्या कमिटीचा होता. मी इथे राहायला येण्याआधी सोसायटीने गॅरेजसमोर पंपघर बांधायचं ठरवलं. काकांची गाडी अडू नये म्हणून कमिटीचे पाच सदस्य टेप घेऊन आले, गाडीची रुंदी मोजली, गेटकडे तेवढी वाट आणि वर अर्धा फूट मोकळा सोडला, ठराव केला, चहा प्यायले. गाडी गॅरेजमधून सरळ बाहेर येते आणि मग तिला काटकोनात वळावं लागतं, हे त्या पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांतले दोघे इंजिनियर होते. पंपघर उभं राहिलं आणि बाय आत कोंडली गेली. इतिवृत्तात मात्र 'वाहनास पुरेशी जागा सोडण्यात आली आहे' असं आजही वाचायला मिळतं.

तर यंदा सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने घरं रिकामी करायची तारीख दिली. काकू जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा कॅनडात, त्यामुळे काकांचं स्वतःचं सामान दोन ट्रंका आणि एक विळी. ते भांडुपला भाड्याच्या खोलीत जाणार होते. तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. तारखेच्या आत बायला चांगलं घर मिळालं नाही, तर ती पाडापाडीच्या धुळीत उघड्यावर पडणार आणि शेवटी भंगारात जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

गाडी विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. काकाच तो पाडत होते. पहिला आला त्याने आल्या आल्या गाडीला टेकून स्वतःचा फोटो काढला. "चल, खाली उतर," काका म्हणाले. तो गाडीत बसलाच नव्हता, तरी उतरला. दुसऱ्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. त्याला काकांनी आईवरूनच विचारलं, "तुझ्या आवशीक ठेवतंस काय दारात?" तिसऱ्याने न विचारता हॉर्न वाजवला. त्यानंतर चार दिवस काका माझ्याशीही बोलले नाहीत, कारण त्याला मी आणलं होतं.

चौथे पार्ल्याचे एक दाताचे डॉक्टर. पांढरी पँट घालून आले. गाडीकडे नीट बघितलंही नाही, थेट जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घालून दहा मिनिटं तसेच पडून राहिले. उठले तेव्हा पँट ग्रीसने माखलेली. "खालचं पत्र्याचं काम तुम्हीच केलंत का, काका?" एवढंच विचारलं. काका माझ्या कानात म्हणाले, "ह्येका चाय कर."

अशी बायची सोयरीक ठरली. पण पंपघर तिथेच होतं आणि आवारात बिल्डरच्या आधी हातोडा लावायला सेक्रेटरी पाटणकर तयार नव्हते. कायदेशीर गुंतागुंत होईल म्हणे. जे पंपघर महिन्याभरात पाडलंच जाणार, त्याच्या कोपऱ्याला ते राष्ट्रीय स्मारकासारखे जपत होते. वर नोटीस लावली, 'वाहन बाहेर नेताना आवाज करू नये.'

ठरल्या दिवशी सकाळी टोइंगचा सपाट ट्रक गेटवर उभा राहिला. ड्रायव्हरने आत येऊन बघितलं आणि डोकं खाजवलं. "काका, ही आत घातली कशी?"

"ही आत होती. भायेर भिंत घातली," काका म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. काकांनी सोसायटीच्या चार पत्र्याच्या पाट्या स्क्रू काढून उतरवल्या. गाडी ढकलत बाहेर आणली, जॅक लावून एकेका चाकाखाली एकेक पाटी सरकवली आणि खालच्या फरशीवर भांड्यांच्या साबणाचं पाणी ओतलं. एका पाटीवर लिहिलं होतं, 'आवारात वाहने धुण्यास सक्त मनाई आहे.' पाटणकर धावत आले. "अहो, ही सोसायटीची मालमत्ता आहे!"

"मगे तुमीपण हात लावा. तुमीपण सोसायटीचेच ना?"

आम्ही आठ जण लागलो, त्यात पाटणकरही. "गिरणीत आमी असेच लूम फिरवू. ढकलू नकात. फकस्त मनात आणा," काका सांगत होते. साबणावरून पाट्या घसरल्या आणि ती लाल बुटकी गाडी जागच्या जागी, पाटावर बसलेल्या बाळासारखी, अलगद फिरली. तोंड गेटकडे झालं. टाळ्या पडल्या. पाटणकर घसरून पडले, त्यालाही पडल्या.

मी धापा टाकत विचारलं, "काका, हे येत होतं तर इतकी वर्षं बाहेर का नाही काढलीत?"

"भायेर काढलंय असतंय. परत आत घालूक दर रविवारी आठ माणसां खयसून आणतलंय?"

"मग पंपघर बांधत होते तेव्हाच सांगायचं! तुम्ही फिटर. गाडी वळणार नाही, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसला तर. टेप धरूक मीच होतंय." काका पाटीवरचा साबण पुसत राहिले. "तेवा बोललंय असतंय तर पंपघर झाला नसता. दुसरी जागा नाय होती. बायलमाणसां बादल्यो घेवन चार माळे चढत होती रे. बाय काय, एका जाग्यार उभी रवली म्हणान मरणार नाय."

मला एकदम शरम वाटली. त्या पंपाच्या पाण्याने मी अठरा वर्षं आंघोळ केली होती आणि कमिटीवरच्या माझ्या विनोदांना काकांना हसायला लावलं होतं.

माझ्या बायकोने आणि शेजारणींनी गाडीला हळदकुंकू लावलं, चाकासमोर नारळ फोडला. ट्रकवर चढवताना काकांनी ड्रायव्हरला पट्टे तीनदा सोडून बांधायला लावले. तो वैतागून म्हणाला, "काका, आरामात. कालच करोडची गाडी सोडून आलोय."

"ती करोडची असात. ही माझी हा."

पार्ल्याला डॉक्टरांच्या बंगलीत गाडी उतरली. काकांनी तासभर सूचना दिल्या, डॉक्टरांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "काका, घर तुमचंच आहे. वाटेल तेव्हा या."

"मी येवचंय नाय. मी येत रवलंय, तर ती तुमची कदी होवची नाय," असं म्हणून काका मागे न बघता गेटबाहेर पडले.

परतताना आम्ही रिक्षा केली. पवईच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा काका समोर बघत म्हणाले, "आता तू कशाक येतलंस?"

"कुठे?"

"माझ्याकडे. गाडी होती म्हणान माणसां येत. झील कॅनडातसून फोन करता, तोपण पयला विचारता, बाय बरी मा? मगे माझां विचारता. आता फोन करून पयला काय विचारतलो?"

मी म्हणालो, "काका, मला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही."

"ता माका पयल्या दिवसापासून ठावक आसा. तुका क्लच खय तो अजून म्हायत नाय."

"मग अठरा वर्षं मी काय बघायला येत होतो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली, रिक्षा निघाली. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि परत घातला.

"रविवारी भांडुपाक घावणे-चटणी करतंय," ते म्हणाले. "बायकोकपण घेवन ये. इतकी वर्षां गाडीत दोघांचीच जागा होती."