मासा चावला, बैठकीत

मांजर आणायचं नाही, एवढंच मी म्हणालो होतो.

माझी मुलगी राउदा सात वर्षांची आहे. तिला मांजर हवं होतं आणि मला मांजराच्या केसांनी शिंका येतात. (एकदा सुरू झाल्या की सासूबाई चौदापर्यंत मोजतात आणि मग नाद सोडतात.) म्हणून मी तोडगा काढला. मासा आणू! माशाला केस नसतात, तो ओरडत नाही, पडदे फाडत नाही.

"अर्ध्या बंजारमासिन शहरात घरांखालून नदी वाहते," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे मासा विकत आणणार! विहिरीवर बसून बाटलीतलं पाणी प्यायचं म्हणतात ते हेच."

सासूबाईंना घरात सगळे नीनी म्हणजे आजी म्हणतात. मीही म्हणतो. घर त्यांचं आहे, मी फक्त त्यात राहतो.

बाजारात पाण्याच्या एका घमेल्यात बोटभर लांबीची लाल पट्ट्यांची पिल्लं वळवळत होती. राउदाला त्यातलं एक आवडलं.

"कुठला मासा?" मी विचारलं.

"तोमान."

"पण तोमान तर मोठा होतो ना हो?"

"टाकी जेवढी, तेवढाच होतो," विक्रेता म्हणाला. इतक्या ठामपणे म्हणाला की माझा विश्वास बसला. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. ठामपणे सांगितलेली कुठलीही गोष्ट मी आधी नोंदवतो आणि मग विचार करतो.

पहिल्या आठवड्यात टाकीत सोबतीला आणलेले चार सोनेरी मासे राजीनामा न देताच नाहीसे झाले. दुसऱ्या महिन्यात टाकी बदलली. पाचव्या महिन्यात पुन्हा बदलली आणि ती मावेना म्हणून सोफा ओसरीवर गेला. आठव्या महिन्यात लाल पट्टे जाऊन तोमान काळानिळा झाला होता. कोपरापासून बोटांपर्यंतच्या माझ्या हाताएवढा, आणि दात माझ्यापेक्षा चांगले. आता आमच्या बैठकीत मासा बसायचा आणि पाहुणे बाहेर.

"अबाह," बायको म्हणायची (मुलगी झाल्यापासून नोरहायाती मला 'अबाह' म्हणते, म्हणजे बाबा), "त्याला ताजी कोळंबी आणलीत, आपल्याला काय?"

"वांगी आहेत ना कालची?"

"आहेत. कालही ती कालचीच होती."

नीनी जाता-येता काचेवर वीत लावून मासा मोजायच्या. "लाल मसाल्यात घातला तर बारा माणसं जेवतील," म्हणायच्या. राउदा रडायची. मी दोघींच्या मध्ये उभा राहायचो आणि मासा माझ्याकडे बघायचा. त्या नजरेत कृतज्ञता आहे असा माझा समज होता.

एका रविवारी मी काच पुसायला टाकीत हात घातला. माशाला माझा उजवा अंगठा कोळंबी वाटला. पुढच्या दोन मिनिटांत जे घडलं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. दवाखान्यात मात्र तीन टाके पडले.

"कुत्रा?" नर्सबाईंनी विचारलं.

"मासा."

"नदीत उतरला होतात?"

"नाही, बैठकीत होतो."

त्यांनी लिहिणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर 'प्राणी' एवढंच लिहिलं.

घरी आलो तर नीनी टाकीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मसाल्याचं नाव काढलं नाही. मला चावल्यामुळे माशाबद्दलचं त्यांचं मत एकदम सुधारलं होतं.

खरी गंमत सोमवारी सुरू झाली. आमच्या कचेरीत हजेरी यंत्रावर लागते. अंगठा ठेवायचा, यंत्र 'धन्यवाद' म्हणतं. माझा तोच अंगठा आता बटाट्याएवढ्या पट्टीत होता. डावा ठेवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' तर्जनी ठेवली. 'पुन्हा प्रयत्न करा.' रांगेतल्या एकाने नाक ठेवून बघायला सांगितलं. (मी बघितलं. 'पुन्हा प्रयत्न करा.')

यंत्राचं काम बघणारी रिस्मा संगणकावर होती. मी तिला म्हटलं, "बाई, माझं दुसरं बोट नोंदवून घे."

"घेते की, पाक मसदारी. त्यात काय! आधी ओळख पटवायला अंगठा ठेवा." (मसदारी मी. 'पाक' म्हणजे श्रीयुत.)

"अंगठा असता तर बोट कशाला नोंदवलं असतं?"

"ते खरं," ती सहानुभूतीने म्हणाली. "पण यंत्राला कुठे माहीत आहे?"

सहा दिवस मी रोज वेळेवर गेलो, खुर्चीवर बसलो, फायली हलवल्या, आणि सहाही दिवस गैरहजर होतो. पुढच्या सोमवारी नोटीस निघाली. असल्या नोटिसा टाइप करणं हे माझंच काम. 'आपण विनापरवानगी गैरहजर आहात' हे मी डाव्या हाताने टाइप केलं, साहेबांची सही घेतली, माझ्या टेबलाशी आलो आणि स्वतःला दिली. पोच म्हणून सही करायची होती. उजव्या हाताला पट्टी, डाव्याने सही जमेना. शिपाई म्हणाला, "मग अंगठा उठवा."

मी खुलासा टाइप केला आणि साहेबांच्या खोलीत शिरलो.

विर्योनोसाहेब जावाहून बदलून आलेले. मृदू बोलतात, त्यामुळे माणूस जास्तच घाबरतो. माझा खुलासा त्यांनी दोनदा वाचला.

"मसदारी, एकवीस वर्षं नोकरी केली मी. एकाच माणसाची आजी चार वेळा वारलेली पाहिली आहे. पण मासा?"

"साहेब, खरंच मासा."

"केवढा?"

मी हात पसरून दाखवला. ते हसले. मासे पकडणारा प्रत्येक जण हात असेच पसरतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"अजून दोन नोटिसा झाल्या की तुमची बदली नदीच्या पार वरच्या टोकाला होईल," ते मऊपणे म्हणाले. "तिथे यंत्र नाही. वीजही नाही. पण मी अन्याय करत नाही. शनिवारी दुपारी स्वतः येऊन पाहतो."

शनिवारी घर धुऊन काढलं. नोरहायातीने सोतोचं, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याचं, पातेलं चढवलं. मी सारखा टाकीशी जाऊन माशाला काचेवर टिचक्या मारत होतो. म्हटलं, जरा चिडलेला बरा. दात तरी दाखवेल.

साहेब आले. ओसरीवरच्या सोफ्याकडे आश्चर्याने बघत आत शिरले आणि टाकीसमोर उभे राहिले. मासा तळाशी पडला होता. डोळे अर्धवट, जबडा मिटलेला. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकासारखा.

"हा चावला?"

"एरवी असा नसतो, साहेब!" मी झाकण काढून एक कोळंबी टाकली. कोळंबी त्याच्या नाकावरून घसरली. त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"काय झालंय याला?" मी बायकोला हळूच विचारलं.

"आईने सकाळी किलोभर कोळंबी घातली," ती कुजबुजली. "म्हणाली, साहेब यायचेत, उपाशी दिसायला नको."

"गरीब दिसतो हो," साहेब म्हणाले आणि बाही वर करून त्यांनी सरळ पाण्यात बोट घातलं.

खरं सांगतो, अशा प्रसंगी काय मागावं ते कुणी शिकवलेलं नसतं. चावला तर मी साहेबांचं बोट तोडणारा, नाही चावला तर खोटारडा. माझी बायको देवाचं नाव घेत होती. मीही घेत होतो, पण आमच्या मागण्या वेगळ्या असाव्यात. मासा सावकाश वर आला, साहेबांच्या बोटाखाली डोकं आणलं आणि डोक्यावरून हात फिरवून घेतला!

साहेबांनी रुमालाने हात पुसला. आवाज आणखी मृदू झाला. "मसदारी, निदान कारण तरी बरं शोधायचं होतं."

नदीचं वरचं टोक डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तेवढ्यात नीनी स्टुलावरून उठल्या.

"चावला," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत चावला."

आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई माझ्या बाजूने बोलत होत्या. माझे डोळे भरून आले. तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं.

"मासा अंगठ्याला लटकलेला," नीनींनी हात नाचवत सुरुवात केली, "आणि आमचे जावई घरभर पळतायत! आधी स्वयंपाकघरात, मग ओसरीवर, मग परत आत. जेवणाच्या टेबलावर चढले. मासा खाली पडला, तरी हे वरच! 'मला वाचवा' म्हणून ओरडत होते. बरं, कुणाला हाक मारत होते? बायकोला नाही, मला नाही. राउदाला! शेवटी पोरीने मासा उचलून टाकीत टाकला आणि बापाला हात धरून खाली उतरवलं."

"अबाह रडत होते," राउदाने प्रेमाने भर घातली. "मी त्यांना बिस्किट दिलं."

साहेब खुर्चीवर बसले. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग पाणी मागावं लागलं. पाच मिनिटांनी कसेबसे म्हणाले, "मसदारी, हे खरंच असलं पाहिजे. स्वतःबद्दल असलं कुणी बनवून सांगत नाही."

"मी कुठे सांगितलं, साहेब?" मी म्हणालो. पण ते सोतोकडे वळले होते. तीन वाट्या प्यायले.

सोमवारी नोटीस मागे घेतली गेली. सगळे दिवस हजेरीत धरले. फक्त वरच्या कचेरीला चौकशीचा अहवाल पाठवणं भाग होतं, साक्षीदारांच्या जबानीसह, तीन प्रतींत. टाइप अर्थातच मी केला. जमेल तेवढा जपून केला. 'सदर कर्मचारी वेदनेमुळे किंचित अस्वस्थ झाला,' असं लिहून सहीला पाठवला.

दुपारी कागद परत आला. साहेबांनी 'किंचित अस्वस्थ झाला' लाल शाईने खोडून वर सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'टेबलावरून उतरण्यास सात वर्षांच्या मुलीची मदत घ्यावी लागली. बिस्किटानंतर प्रकृती स्थिर.'