शिडावरचे बिबडे

भिजत घातलेली ज्वारी टाकून घराबाहेर पडायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी जे झालं ते समुद्राने केलं.

आमचा नातू दीपक रत्नागिरीला नोकरीला. तिथे त्याने शिडाची एक म्हातारी बोट घेतली. (वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सांधे माझ्यापेक्षा वाईट.) रोज काहीतरी मोडायचं आणि त्याची बायको सविता वैतागायची. शेवटी दोघांत ठरलं, बोट आपल्या पायाने मालवणला पोचली तर ठेवायची. कोणाला ओढून न्यावी लागली तर विकायची.

साक्षीदार म्हणून मी. सविता फोनवर म्हणाली, "आजी, तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हीच." मी फुगले आणि हो म्हणून बसले. नशिराबादची बाई मी, तापी पाहिलेली, तीही पुलावरून.

हा निरोप आला तेव्हा बिबड्यांची, म्हणजे आमच्या खानदेशी पापडांची, ज्वारी भिजून फुगली होती. ती सुकवली, गिरणीतून भरडून आणली, डबा भरला, तीळ-लसूण-मिरची बांधून घेतली आणि निघाले.

समुद्रात शिरलो आणि पाणी उपसायचा पंप बसला.

"किरकोळ आहे, आजी," दीपक म्हणाला. मी तांब्याने पाणी उपसत बसले. मग सुकाणूची दोरी तुटली. तेही किरकोळ. त्याने माझ्या पिशवीचा बंद काढून तिथे बांधला. (पिशवी अजून तशीच आहे, उघडी.)

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला आणि त्याच्या पाठोपाठ इंजिनही.

"हे बी किरकोळ शे का?" मी विचारलं.  दीपकचे कान लाल झाले. त्याच्या बापाचेही असेच व्हायचे, नापास झाला की.

शीड फडफडून फाटू नये म्हणून त्याने ते खाली उतरवलं, केबिनच्या छपरावर अंथरून कडा बांधल्या आणि इंजिनात डोकं घातलं. आता तुम्हीच सांगा. डोक्यावर चैत्राचं ऊन. समोर जाड सुती कापड, ठिगळांचं पण पांढरंशुभ्र, आमच्या गच्चीपेक्षा मोठं. आणि माझे हात रिकामे. मी बोटीवरच्या शेगडीवर ज्वारीचा दाट घाटा शिजवला आणि पाण्याचा हात लावत गोल-गोल बिबडे घालत गेले.

दीपकचं डोकं वर आलं. तोंडाला ग्रीस.

"आजी, हे काय?"

"बिबडे."

"ते शीड आहे."

"कापडच ना?"

"आणि वारा आला तर?"

"सकाळपासून नाही आला, तो आताच येतो का?"

वारा नाही आला, पण मच्छीमारांची एक मोठी होडी आली. तिच्यावरचा म्हातारा ओरडला, "बंद पडली काय? दोरी टाका, ओढतो."

दीपकने हातातला पाना खाली ठेवला. दोरी उचलली, पण टाकवेना. हळूच म्हणाला, "आजी, सविताला खरं तेच सांग." मला पोराची दया आली. पण नजर छपरावर होती. होडीने जोरात ओढलं की पाणी उडणार, आणि बिबड्यांचा पुन्हा घाटा होणार.

"ओढायचं नाही," मी म्हटलं. "ओले आहेत."

"कोण ओले आहेत?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी बोट दाखवलं. त्याने छपराकडे पाहिलं, दीपककडे पाहिलं, मग म्हणाला, "सुकले की हाक मारा," आणि हसत निघून गेला.

दीपकचे डोळे भरून आले. "आजी, तू माझ्या बोटीसाठी..."

"नाही रे. पाणी उडालं असतं."

उन्हं कलली तसा वारा उठला. चांगला, पाठीवरचा.

"शीड चढवावं लागेल," दीपक म्हणाला.

"आधी सोलून घेते."

"तोवर वारा जाईल, आजी."

"ओढ मग. पण हळू."

बिबडे आकाशात गेले. बोट सुटली ती सुटलीच. मागे पक्ष्यांचा थवा, आणि मी पळीने ताट बडवत त्यांना हाकतेय. (नातू दोरी धरून जहाज चालवतोय, आजी शेतातली पाखरं राखतेय.) तशाच थाटात आम्ही मालवणला शिरलो.

धक्क्यावर सविता उभी होती. तिने मान वर केली. "आजी, शिडावर काय आहे ते?"

"बिबडे."

"आणि बोट कोणी ओढली?"

"कोणीही नाही."

सविताने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "ठेवा बाई ती बोट." दीपकने तिथेच मला मिठी मारली, ग्रीससकट.

शीड उलटं करून पाणी शिंपडलं आणि बिबडे सोलून घेतले. गावी आल्यावर शेजारच्या द्रौपदाबाईला तळून वाढले. माझ्या वाटणीचा एक मात्र दाढेत धरून चांगला घोळवावा लागला. पण तीळ-लसणाची चव मुरली होती. मी म्हटलं, "हा खरा जमला, द्रौपदा. चावायला दम लागतो." संपवूनच उठले.

संध्याकाळी दीपकचा फोन. "आजी, शिडाचं एक ठिगळ निघालंय. गोल, तळहाताएवढं. बिबड्याबरोबर तुझ्या डब्यात आलं का?"

मी उठले. डबा उपडा करून नीट पाहिला.

"डब्यात नाही रे," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही.